खंड्याच्या पंखातली खाच

बुधवारी सकाळी साडेआठला एक तरुण बाई बिरागो न्सिया यांच्या दाराशी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मी चोर नाही."

"बस," बिरागोबाई म्हणाल्या. "असतीस तरी बस म्हटलं असतं. काय चोरलं नाहीस ते सांग."

खिडकीशी बाकावर द्वोमो बाजरीची पेज पीत होता. तो बाईंचा ड्रायव्हर, निरोप्या आणि वेळ पडली तर साक्षीदार. बाईंनी सव्वीस वर्षं कस्टम्समध्ये काढली होती. कापडाच्या गठ्ठ्यावरचा खोटा शिक्का त्या गठ्ठा न उघडता ओळखतात, अशी बंदरात ख्याती होती. निवृत्त होऊन कुमासीला परतल्यावर त्यांनी अदुम बाजारात शिलाई मशीनच्या दुकानावर खोली घेतली आणि लोकांच्या भानगडी निस्तरायला लागल्या. द्वोमो सहा वर्षं त्यांच्याबरोबर होता. त्या सहा वर्षांत एकाही भानगडीचा उलगडा त्याला बाईंच्या आधी झाला नव्हता, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. गाडी कुणीतरी चालवायला हवीच.

आलेल्या बाईला त्यानं लगेच ओळखलं. सोमवारपासून तिला न ओळखणारा माणूस कुमासीत सापडणं कठीण होतं. ही दुफी. सुबिन रोव्हर्स या फुटबॉल क्लबचं नवं बोधचिन्ह काढणारी, आणि आता सगळ्या गावाच्या मते ते ढापणारी.

तिनं सांगितलं ते असं. क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून नव्या बोधचिन्हाची स्पर्धा लागली. नऊ जणांनी भाग घेतला. नियम कडक होते. आधी कुठं प्रसिद्ध झालेलं चित्र चालणार नाही. चित्र लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटात वीस मार्चला द्यायचं, आणि पाकिटं फुटणार ती पुढल्या सोमवारी, मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शिवाय क्लबचे आश्रयदाते नाना, म्हणजे तिथल्या गादीचे धनी, यांची एक अट होती. अंगावर नेसल्याशिवाय कुठलंही चिन्ह या गावात खरं होत नाही, तेव्हा प्रत्येकानं आपलं चित्र एका कापडावर छापून ते कापड थेट नानांच्या घरी द्यावं, आणि ज्या ठशानं छापलं तो ठसाही क्लबच्या चिटणिसांकडे जमा करावा, म्हणजे दुसरं कापड कुणी छापायला नको.

दुफीनं खंड्या काढला होता. सुबिन नदीवरचा, पंख मिटता मिटता मासा हेरणारा. सोमवारी दुपारी तो जिंकला. संध्याकाळपर्यंत बाफो नावाचा डिझायनर रेडिओवर होता.

"तो म्हणाला, हा पक्षी माझा. तीन मार्चला मी तो इंटरनेटवर माझ्या पानावर टाकलाय. लोकांनी पाहिलं, तर खरंच तीन मार्चची तारीख."

"तारखा खोट्या असतात," द्वोमो पेज संपवत म्हणाला.

"एवढंच नाही. रेडिओवरच्या निवेदकाला त्यानं रविवारीच चित्र दाखवलं होतं. म्हणाला, उद्या बघा, हाच पक्षी जिंकणार आणि नाव दुसऱ्याचं असणार." दुफीनं हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला आणि वडीलधाऱ्या बाईला म्हणायची रीत म्हणून बाईंना 'मामे' म्हणत पुढं बोलली. "रविवारी पाकिटं मोहोरबंद होती, मामे. माझा खंड्या तेव्हा मी आणि ठसा कोरणारा सोडून कुणी पाहिलेलाच नव्हता."

शुक्रवारी दुपारी चारला नानांच्या चौकात सुनावणी होती. तिनं निर्दोष असल्याचं दाखवायचं, नाहीतर सगळ्यांसमोर माफी मागायची. माफी मागायलाही ती तयार झाली असती, पण दुकान बापाच्या नावाचं होतं. आग्येमान साइन्स. निम्म्या बांतामा पेठेच्या पाट्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं हातानं रंगवलेल्या. आता हात थरथरतो. मंगळवारी सकाळी त्याच्या स्वतःच्या पाटीवर कुणीतरी लाल तेलरंगानं 'चोर' लिहून गेलं होतं. दुफी पुसायला गेली तर म्हातारा म्हणाला, राहू दे, ज्यानं लिहिलं तोच पुसेल. तेव्हापासून तो दुकानात रस्त्याकडे पाठ करून बसतो.

बिरागोबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. दुफीचा खंड्या उजवीकडे पाहत होता, बाफोचा डावीकडे. बाकी सगळं तंतोतंत, फक्त बाफोच्या पक्ष्याच्या पंखात तिसऱ्या पिसाच्या टोकाशी एक लहानशी तिरपी खाच होती.

"लोक म्हणतात, मी त्याचा पक्षी उलटा केला आणि खाच बुजवली. चोरी लपावी म्हणून."

"तुझ्या चित्रात ही खाच कधी होती?"

"कधीच नव्हती. पिसं मोजून काढलीयत मी. असली खाच मी ठेवीन कशाला?"

बाईंनी भिंग खिशात टाकलं आणि द्वोमोला म्हणाल्या, "गाडी काढ."

गाडीत द्वोमोला आपलं दुःख सांगितल्यावाचून राहवेना. गेल्या नाताळात त्यानं आपल्या पानावर फोटो टाकला होता, लाल विजारीतला. तीन महिने बायको त्यावरून बोलत होती. शेवटी काल त्यानं ती विजार काढून टाकली आणि तिथं सासूनं दिलेल्या बोकडाचा फोटो लावला. आता घरात शांतता होती. बाईंनी खिडकीबाहेर बघत "बरं केलंस" एवढंच म्हटलं.

बाफोचं दुकान बांतामाच्या चौकात. नाव झालं होतं ते मयताच्या पोस्टरांमुळं. गावात कुणी गेलं, की गेलेल्याचा फोटो, सोनेरी किनार आणि खाली मुलं, नातवंडं, जावई असा सगळा गोतावळा छापून भिंतीभिंतीवर लावायचा, ते काम बाफोइतकं देखणं कुणी करत नसे. चांगल्या पोस्टरासाठी लोक दफनाची तारीख पुढं ढकलत. दुकानाच्या भिंतीवर मधोमध त्यानं आपल्या स्वतःच्या आजीचं पोस्टर चौकट करून लावलं होतं. द्वोमो किनारीवर खूश झाला. बिरागोबाई मात्र समोर उभ्या राहून खालची बारीक नावं वाचत बसल्या. असली नावं घरच्यांखेरीज कुणी वाचत नाही. पाच मुलं, क्वाकू आम्पाडू थोरला, मग आमा, मग धाकटे तिघे, सतरा नातवंडं, जावयांच्या दोन ओळी.

बाफो गोड माणूस होता. त्यानं थंड पाणी दिलं, दुफीबद्दल वाईट वाटतं म्हणाला.

"मग हा पक्षी स्पर्धेला का नाही दिलास?" बाईंनी विचारलं. "तू तर आगीचा लोळ आणि चेंडू दिलेलास."

"नियम, मामे. पानावर टाकलेलं चित्र चालत नाही. तीन मार्चला उत्साहाच्या भरात टाकून बसलो. नंतर पस्तावलो."

"आणि ही खाच?"

बाफोचे डोळे चमकले. हा प्रश्न त्याला आवडत होता, कारण रेडिओवरही तोच गाजला होता. "सुबिन नदी आता कुठं दिसते का? शहराखाली, नळात गाडलीय. पक्ष्याच्या अंगातला तेवढा तुकडा हरवलाय. ती खाच म्हणजे या चित्राचा जीव आहे. तिला कळलं नाही म्हणून तिनं ती बुजवली. नक्कल करणाऱ्याला आकार दिसतो, अर्थ दिसत नाही."

द्वोमोच्या अंगावर काटा आला. बाफो खोटं बोलत असेल असं त्याला आता मुळीच वाटेना. बाईंनी त्याला तीन मार्चच्या नोंदीखालच्या प्रतिक्रिया वाचायला सांगितल्या. दोनशेवर होत्या. तो वाचत गेला: सुंदर, एक नंबर, तोंडाला पाणी सुटलं, रविवारी सहकुटुंब येतो, देव तुझ्या हाताला यश देवो.

"लोकांना फारच आवडलंय," तो बाहेर पडताना म्हणाला.

"फारच," बाई म्हणाल्या.

क्लबचे चिटणीस आम्पाडू हे इस्त्रीच्या सदऱ्यातले, मोजकं बोलणारे गृहस्थ. कपाट लोखंडी, किल्ली एकच, ती त्यांच्या पट्ट्याला. पाकिटं सोमवारी सगळ्यांनी पाहिली, एकही मोहोर फुटलेली नव्हती. ठशांच्या नऊ पिशव्या वीस तारखेला आल्या तशा कपाटात गेल्या, त्यांना कुणी हात लावला नाही. त्या बाफोला ते ओळखत नव्हते. रेडिओवर आवाज ऐकला तेवढाच.

"मुलगी गुणी आहे," ते म्हणाले, "पण गुणी माणसालाही मोह होतो. माफी मागितली तर प्रकरण मिटवू."

बाईंनी दुफीचा ठसा पाहायला मागितला. आम्पाडूंनी आढेवेढे न घेता काढून दिला. वाळक्या भोपळ्याच्या कवचाचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर कोरलेला खंड्या, मागं बांधलेल्या काड्यांची मूठ. कवच पिवळंधमक, स्वच्छ होतं. बाईंनी तो उलटसुलट केला, पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेऊन हुंगला आणि परत दिला.

"काय वास आला?" द्वोमोनं जिन्यात विचारलं.

"साबणाचा," बाई म्हणाल्या.

दुपारी ते न्तोन्सोला गेले. तिथं घरोघरी झाडाची साल उकळून काळी शाई करतात आणि ठशांनी कापडं छापतात. दुफीचा ठसा आग्या दुओदु, म्हणजे दुओदुबाबा, या म्हाताऱ्यानं कोरला होता. त्याचा बाप राजवाड्याची कापडं छापायचा, आणि तोही. तो अंगणात बसून मगरीचा ठसा कोरत होता. कवचावर मगर डावीकडे निघाली होती. त्यानं ती शाईत बुडवून चिंधीवर दाबली तर उजवीकडे निघाली. द्वोमोला या गोष्टीची इतकी गंमत वाटली, की म्हाताऱ्यानं त्याला ती दोनदा करून दाखवली.

म्हातारा मोकळेपणानं बोलत होता. दुफीनं कागदावर पक्षी आणून दिला, त्यानं कोरला. शनिवारी, सोळा तारखेला, कापड छापलं, एकट्यानं. सोमवारी ठसा पिशवीत बांधून आणि कापड घडी करून तिच्या हवाली केलं. गाठ न सोडता तिनं ती जमा केली असणार, नियमच तसा होता.

"ठसा धुवून दिलात?" बाईंनी विचारलं.

दुओदुला हसू आलं. "ठसा कुणी धुतं का, मामे? पाणी प्यायलं की कवच तडकतं. चिंधीनं पुसायचा, शाई राहू द्यायची. माझ्याकडं बापाच्या वेळचे ठसे आहेत, कोळशासारखे काळे."

मग बाईंनी बाफोचं चित्र त्याच्यासमोर धरलं. म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ घेतलं. हसू मावळलं. पाणी आणतो म्हणून तो आत गेला तो बराच वेळ आला नाही, आणि आल्यावर हो-नाहीपलीकडे बोलला नाही.

"यानंच विकलं," परतीच्या वाटेवर द्वोमो म्हणाला. "चित्र पाहिलं आणि मूग गिळून बसला. ठसाही त्याच्याच हातचा. दोन दिवस होता त्याच्याकडं."

"त्यानं विकलं असतं तर बाफोचा पक्षी उजवीकडे बघत असता," बाई म्हणाल्या, आणि भाजलेलं केळं नि शेंगदाणे घ्यायला त्यांनी गाडी थांबवायला लावली. द्वोमोनं त्यावर केळं संपेपर्यंत विचार केला आणि सोडून दिला.

गुरुवारी नानांच्या घरी त्यांना कापड पाहायला मिळालं. ते पेटीतून सोमवारीच बाहेर आलं होतं आणि घडी अजून पुरती मोडलेली नव्हती. दोघा बायकांनी ते चौकात अंथरलं. बारा ओळी, प्रत्येकीत आठ खंड्ये, सगळे उजवीकडे पाहणारे. लांबून फार देखणं दिसत होतं. बाई गुडघ्यांवर बसून भिंगातून एकेक ओळ बघत सरकत होत्या आणि द्वोमोला संकोचल्यासारखं झालं होतं.

"पाचव्या ओळीनंतर शाई कमी पडलीय," काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला. "पंखाशी पुसट आहे बघा."

"सहाव्या ओळीतल्या तिसऱ्या पक्ष्यापासून," बाई म्हणाल्या. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "द्वोमो, एका पोरीची अब्रू वाचवायची तर एका म्हाताऱ्याची घालवावी लागणार बहुतेक."

घालवायची कशी, हे त्यांनी सांगितलं नाही. दुओदुला मात्र त्यांनी निरोप धाडला: शुक्रवारी चारला या, यायलाच हवं असं नाही.

शुक्रवारी चौक भरला होता. नाना छत्रीखाली बसले होते, शेजारी सोनेरी मुठीची काठी घेतलेले ओच्यामे. नानांशी बोलायचं ते यांच्यामार्फत आणि नाना बोलणार तेही यांच्याच तोंडून. एका बाजूला चिटणीस आम्पाडू, त्यांच्यापासून चांगली दहा खुर्च्या दूर बाफो, त्याच्याबरोबर रेडिओचा निवेदक. दुफी एकटी उभी होती. तिचा बाप आला नव्हता. दुओदु अगदी मागं, भिंतीला टेकून.

"ओच्यामे, नानांना सांगावं," बिरागोबाईंनी सुरुवात केली, "की बाफो म्हणतो ते एक खरं आहे. रविवारी त्याच्याकडं हे चित्र होतं. प्रश्न एवढाच, की ते त्याच्या डोक्यातून आलं की आणखी कुठून."

ओच्यामेंनी सांगितलं. नानांनी मान हलवली.

"रविवारी हा खंड्या तीन ठिकाणी होता. पाकिटात, त्याची मोहोर शाबूत. नानांच्या पेटीत कापडावर. आणि क्लबच्या कपाटात ठशावर. पाकिटात आणि कापडावर तो उजवीकडे बघतो. डावीकडे बघणारा खंड्या एकच. ठशावरचा. कारण ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा छाप सुलट येतो."

द्वोमोला न्तोन्सोची मगर आठवली आणि त्यानं कपाळाला हात लावला.

बाफो शांतपणे म्हणाला, "माझा पक्षी डावीकडे बघतो कारण मी तो तसा काढला. तिनं फिरवला."

"असेल. म्हणून खाचेकडं येऊ. खाच म्हणजे या चित्राचा जीव, असं तूच सांगितलंस."

"सांगितलं. साऱ्या शहरानं ऐकलंय."

"आणि तीन मार्चच्या चित्रात ती आहे."

"आहे."

बाईंनी कापड अंथरायला लावलं. "पहिल्या पाच ओळी पाहा. पंख पुरे आहेत. सहाव्या ओळीतले दोन पक्षीही पुरे. तिसऱ्यापासून शेवटापर्यंत प्रत्येक पक्ष्याच्या तिसऱ्या पिसाला तिरपी खाच. हे कापड सोळा मार्चला छापलं. म्हणजे ही खाच सोळा मार्चला, सहाव्या ओळीत जन्माला आली. ती कशी आली ते मी पाहिलेलं नाही. पाहणारा इथं एकच आहे, आणि बोलायचं की नाही हे त्यानं ठरवायचं."

द्वोमोनं मागं वळून पाहिलं. दुओदुचा हात भिंत चाचपत होता. नानांच्या घरी जायचं कापड, बापापासून चालत आलेलं नाव, आणि ऐकायला अर्धं शहर. द्वोमोला वाटलं, म्हातारा निघून जाईल. तो पुढं आला.

"माझ्या हातून पडला," तो ओच्यामेंना म्हणाला. "ठसा. दगडावर पडला, टवका उडाला. दुसरा कोरायला आठवडा लागला असता आणि पोरीची तारीख चुकली असती. तसाच पुढं छापला. पिशवीत बांधून दिला, तिला बोललो नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पडला, म्हणून कुणालाच बोललो नाही. बुधवारी या बाईंनी चित्र दाखवलं तेव्हा माझा टवका मी ओळखला. तेव्हाही बोललो नाही."

ओच्यामेंनी शब्द न शब्द नानांना सांगितला, जरी नाना पाच हातांवर बसून सगळं ऐकत होते. रीत म्हणजे रीत.

"तर सोळा मार्चला झालेली जखम," बिरागोबाई म्हणाल्या, "तीन मार्चच्या चित्रात आहे. बाफोनं गाडलेल्या नदीची एवढी सुंदर कथा सांगितली नसती, तर मी त्या खाचेकडं दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण."

बाफोचा आवाज चढला. "तारीख तर आहे ना? पानावर तीन मार्च आहे ना?"

"आहे. द्वोमो, तुझा नाताळ दाखव."

द्वोमोला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं भीत भीत मोबाइल ओच्यामेंच्या हाती दिला. तारीख पंचवीस डिसेंबरची, खाली मजकूर 'माझी नवी विजार कशी वाटते?', आणि वर बोकड. ओच्यामेंनी तो नानांपुढं धरला. नानांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला.

"जुन्या नोंदीतलं चित्र बदललं तरी तारीख बदलत नाही, आणि खालचं लिहिलेलंही बदलत नाही. बाफोच्या खंड्याखाली लोकांनी लिहिलंय, तोंडाला पाणी सुटलं, रविवारी सहकुटुंब येतो. खंड्या बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं? तीन मार्चला त्यानं तिथं कुठल्यातरी खानावळीची पाटी टाकली होती."

निवेदकानं आपला माइक हळूच बंद केला.

"आता उरली किल्ली," बाई म्हणाल्या, आणि आम्पाडूंकडं वळल्या. "दुओदु ठसा कधी धूत नाहीत. कुणीच छापणारा धूत नाही. कपाटातला ठसा मात्र साबणानं धुतलेला होता. शाईनं माखलेल्या ठशाचा फोटो नीट येत नाही, म्हणून. ज्याला ठसा उलटा असतो हे ठाऊक नाही आणि धुवू नये हेही ठाऊक नाही, असा माणूस. छापणारा नव्हे. किल्ली एकच, तुमच्या पट्ट्याला."

"मी कशाला करीन?" आम्पाडू म्हणाले. "मी या मुलाला ओळखतसुद्धा नाही."

"त्याच्या दुकानात त्याच्या आजीचं पोस्टर आहे. मुलांत पहिलं नाव क्वाकू आम्पाडू, दुसरं आमा. आमा बाफोची आई, हे बांतामात कुणीही सांगेल. तुम्ही त्याचे मामा आहात. ओच्यामे, नानांना मी काय सांगू? आपल्याकडं माणूस पोराला सोडील, भाच्याला सोडत नाही. भाचाच त्याचा वारस. आगीचा लोळ आणि चेंडू जिंकणार नाही, हे मामांना पहिल्या दिवशीच दिसलं. पाकीट फोडलं तर मोहोर फुटते, म्हणून पिशव्या सोडून ठसे पाहिले; जिंकणारी चोर ठरली की काम भाच्याकडं येणार, हा हिशेब. सगळ्यात चांगला कुठला, हे कळण्याइतकी नजर त्यांना आहे. तेवढीच आहे."

आम्पाडू आपल्या भाच्याकडं न पाहता खाली बसले. बाफो मात्र म्हणाला, "वोफा, मी सांगितलं होतं तुम्हाला, पोस्टर काढून ठेवतो म्हणून." हे तो मामाला म्हणत होता, पण ऐकलं सगळ्यांनी.

नानांचा निकाल ओच्यामेंनी सांगितला. किल्ली इथंच ठेवून जावी. ज्या रेडिओवर आरोप झाला त्याच रेडिओवर, त्याच वेळी, माफी मागितली जावी. खंड्या दुफीचा, उजवीकडे बघणारा. दुओदुबद्दल नाना काही बोलले नाहीत. कापडाची घडी करून ते त्यांनी आत न्यायला सांगितलं, आणि द्वोमोला कळेना, ही शिक्षा की माफी. दुओदुलाही कळलं नसावं; तो तसाच उभा होता.

दुफी रडली नाही. तिनं बिरागोबाईंचे हात धरले आणि विचारलं, आता घरी जाऊन बाबांना आधी काय सांगू. बाई म्हणाल्या, "जेवायला वाढ आणि मग सांग."

शनिवारी सकाळी बाईंना बांतामातून जायचं होतं. आग्येमान साइन्ससमोर द्वोमोनं आपण होऊन गाडी हळू केली. दुकानाच्या पाटीखाली स्टुलावर एक माणूस उभा राहून ओल्या फडक्यानं घासत होता. आग्या दुओदु. पहिल्या गाडीनं आला असणार. 'चोर' जसाच्या तसा होता.

दुकानातून पाठमोऱ्या म्हाताऱ्याचा आवाज आला. "पाण्यानं जायचा नाही तो. तेलरंग आहे."

दुओदु घासतच राहिला. "ज्यानं लिहिलं त्यानं पुसायचं, असं तुम्ही म्हणालात म्हणे."

"मग? तू लिहिलंस?"

"माझं तोंड बंद होतं. लिहिल्यासारखंच झालं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आग्येमान बाहेर आला, एका हातात रॉकेलची बाटली, दुसऱ्या हातानं खुर्ची ओढत. बाटली इतकी थरथरत होती, की निम्मं रॉकेल त्याच्या पायावर सांडलं. त्यानं ती दुओदुच्या हाती दिली, खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडली आणि बसला.

"कडेनं धर," तो वर बघत म्हणाला. "माझी अक्षरं जातील नाहीतर."

मागच्या ट्रोट्रोनं, प्रवाशांनी खच्चून भरलेल्या व्हॅननं, हॉर्न दिला. बिरागोबाई म्हणाल्या, "चल आता," आणि द्वोमोनं गियर टाकला.